कुणी मोजत नाही तेव्हा काय वाजतं?

मागच्या दोन लेखांत आपण नेटवर्कवर अफवा कशी पसरते ते बघितलं. आज जवळपास तेच गणित, फक्त अफवेच्या जागी गाणं. निमित्त एका रेडिओ स्टेशनचं.

स्टेशनचं नाव केटीआरयू. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात राइस विद्यापीठ आहे, तिथले विद्यार्थी ते चालवतात. तिकडे शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला त्याची लिंक पाठवली, सोबत एकच ओळ: 'पंधरा मिनिटं तरी बंद करू नकोस.' मी सकाळी साडेआठला, लॅबमध्ये कुणी यायच्या आत, लावलं. (तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात, निदान त्यांच्या उन्हाळ्यात.) आधी अ‍ॅकॉर्डियनवर शेजारच्या लुइझियाना राज्यातलं झायडेको लागलं, नाचायला लावणारं. त्याच्या मागोमाग सात-आठ मिनिटं नुसती घरघर, मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखी. मग इथिओपियातलं जॅझ. मग खास ह्यूस्टनचं, मुद्दाम संथ केलेलं रॅप, ज्यात गाणाऱ्याचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होतो. मग चार सेकंद शांतता, आणि एक मुलगी घाईघाईत गाण्यांची नावं वाचून दाखवते, एका नावाला अडखळते, 'सॉरी' म्हणते. जाहिरात एकही नाही.

यांनी सगळ्या फाइली शफलवर टाकल्यात, असं तुम्हालाही वाटेल. पण शफल असं वाजत नाही. शफलमध्ये तुमच्याच संग्रहातली गाणी उलटसुलट होतात. इथे संग्रहच असा बनलाय की त्यात तुम्हाला माहीत असलेलं जवळपास काही नाही. तो तसा कसा बनतो, हा खरा प्रश्न.

विद्यार्थ्यांच्या बऱ्याच स्टेशनांत पद्धत साधारण अशी असते. नवीन आलेल्या अल्बमच्या ढिगातून एक-दोघं जण काही निवडतात आणि वेगळ्या कप्प्यात ठेवतात. प्रत्येक डीजेने तासाभरात त्या कप्प्यातली ठरावीक गाणी वाजवायचीच. याला रोटेशन म्हणतात. उरलेला वेळ त्याच्या मर्जीचा. काही आठवड्यांनी तो अल्बम कप्प्यातून निघून मोठ्या संग्रहात जातो. कव्हरवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: कुठलं गाणं ऐकण्यासारखं, कुठलं टाळा, कशात शिव्या आहेत. (अमेरिकेत तशी गाणी रात्री १० ते सकाळी ६ या वेळातच चालतात.) आणि बऱ्याच ठिकाणी एक संकेत असतो: जे गाणं व्यावसायिक स्टेशनवर दिवसभर वाजतंय, ते आपण वाजवायचं नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट नाही. आकडा. हे गाणं किती जणांनी ऐकलं, किती जणांनी मधेच बंद केलं, हे त्या चिठ्ठीवर कुठेच नसतं.

आकडा नसल्याने एवढा काय फरक पडतो? याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो केला, आणि २००६ साली 'सायन्स'मध्ये छापला. त्यांनी एक संकेतस्थळ बनवलं, त्यावर कुणालाच माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ लोक सहभागी झाले, बहुतेक किशोरवयीन मुलंमुली. ऐका, गुण द्या, आवडलं तर फुकट डाउनलोड करा, इतकंच काम. गंमत पुढे आहे. येणाऱ्या माणसाला त्याच्या नकळत वेगवेगळ्या गटांत टाकलं जायचं. एका गटाला फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसायचं. उरलेले आठ स्वतंत्र 'जगांत' वाटले जायचे, आणि प्रत्येकाला आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय तो आकडा दिसायचा. सगळ्या जगांची सुरुवात शून्यापासून. म्हणजे इतिहासच आठ वेळा चालवून बघितला म्हणा ना. माझ्यासारख्या सिम्युलेशनवाल्याला हेवा वाटावा अशी ही कल्पना!

निकाल असा. आकडा दिसायला लागला की विषमता वाढते, थोडी गाणी सगळं खाऊन टाकतात. हे अपेक्षितच होतं. पण ती थोडी गाणी कुठली, हे प्रत्येक जगात वेगळं निघालं. '५२ मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं घ्या (नाव वाचून दचकू नका, महामारीच्या फार आधीची गोष्ट आहे). आकडा न बघणाऱ्यांत त्याचा क्रमांक २६वा, म्हणजे मधलंच. एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात ४०वं. गाणं तेच, श्रोते त्याच प्रकारचे. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही लोकांनी कशावर क्लिक केलं त्यावर ठरलं.

यामागचं गणित घरी करून बघता येईल. एका मडक्यात एक लाल आणि एक निळी गोटी टाका. न बघता एक काढा. लाल निघाली तर ती परत टाका आणि सोबत आणखी एक लाल टाका, निळी निघाली तर आणखी एक निळी. असं करत राहा. काही हजार वेळांनंतर लालचं प्रमाण एका जागी ठरून जातं, फारसं हलत नाही. पण ते कुठे ठरेल हे आधी सांगताच येत नाही. ५ टक्क्यांच्या आसपास ठरण्याची शक्यता तितकीच, जितकी ५० टक्क्यांच्या आसपास. याला पोल्याचं मडकं म्हणतात. आणि प्रमाण एकदा ठरल्यावर बघणाऱ्याला वाटतं, लाल गोटीतच काहीतरी खास असणार.

आता तुमच्या फोनमधलं अ‍ॅप. ते गाणी सुचवताना जे करतं त्याचा गाभा असा: तुमच्यासारखी गाणी ऐकणारी माणसं शोधायची, आणि ती आणखी काय ऐकतात ते तुमच्यापुढे ठेवायचं. यात वाईट काही नाही, मीही रोज वापरतो. पण जे गाणं कुणीच ऐकलेलं नाही, ते या हिशेबात अदृश्य. त्याला शेजारीच नाहीत. कंपन्यांना ही अडचण माहीत आहे, त्यावर इलाजही आहेत, म्हणजे थोडं जाणूनबुजून अनोळखी वाजवायचं वगैरे. तरी प्रत्येक अनोळखी गाण्यामागे श्रोता निघून जाण्याची भीती असते. विद्यार्थी डीजेला ती भीती नाही, कारण कोण निघून गेलं हे त्याला कळतच नाही.

शिवाय रोटेशनमुळे आणखी एक गोष्ट घडते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की अर्थ न कळणारे शब्द किंवा चिनी वळणाची अक्षरं माणसांना नुसती पुन्हापुन्हा दाखवली, तरी ती जास्त बरी वाटायला लागतात. (पार कंटाळा येईपर्यंत दाखवली तर नाही.) हिट गाणी हिट राहण्यात याचा मोठा वाटा आहे, लग्नाच्या मांडवात वाजणाऱ्या गाण्यांना विचारा. रोटेशन हीच युक्ती अनोळखी अल्बमसाठी वापरतं. तिसऱ्या आठवड्यात ती मिक्सरमधली घरघर पुन्हा लागली, तेव्हा माझा हात आवाज कमी करायला गेला नाही. आवडली असं म्हणणार नाही, पण ओळख झाली.

फार भाबडेपणानेही बघू नका. चिठ्ठीवरचा शेरा हाही एक प्रभावच आहे, आणि 'लोकप्रिय ते वाजवायचं नाही' या संकेतात शिष्टपणाची झाक आहे. काही तास तर खरंच भिकार असतात. फरक एवढाच की शेरा वाचून 'हॅ, याला काय कळतंय' असं म्हणता येतं. आकड्याला असं म्हणणं फार अवघड जातं.

या स्टेशनाची गोष्ट इथे महत्त्वाची ठरते, कारण शेवटी आकड्याशीच त्याची गाठ पडली. केटीआरयूची सुरुवात १९६७ साली एका वसतिगृहात झाली. १९७१ मध्ये ते १० वॉटवर एफएमवर आलं. नव्वदच्या दशकात ताकद ५०,००० वॉट झाली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातात ह्यूस्टनसारख्या प्रचंड शहराला ऐकू जाणारा ९१.७ एफएम. मग ऑगस्ट २०१० मध्ये बातमी आली की राइस विद्यापीठ प्रक्षेपक आणि परवाना ह्यूस्टन विद्यापीठाला ९५ लाख डॉलरना विकतंय. बोलणी गुप्त ठेवलेली होती. विद्यार्थी आणि जुने डीजे चिडले, निदर्शनं झाली, परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाकडे हरकती गेल्या. विद्यापीठाचं म्हणणं थोडक्यात असं: एफएमवर ऐकणारे थोडे आहेत, आणि इंटरनेटवर स्टेशन चालूच राहील. एप्रिल २०११ मध्ये व्यवहार पुरा झाला. ९१.७ वर शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत लागलं. पाच वर्षांनी ह्यूस्टन विद्यापीठानेही तो परवाना विकला, ख्रिश्चन संगीत वाजवणाऱ्या एका संस्थेला.

'इंटरनेटवर आहेच की' हे म्हणणं वरवर बिनतोड वाटतं. माझं मत वेगळं आहे. इंटरनेटवर स्टेशन ऐकायला त्याचं नाव आधी माहीत असावं लागतं. गाडीत बटण फिरवता फिरवता कुणी चुकून झायडेकोवर थांबतो, तसं तिथे घडत नाही. मलाही ते शोधून सापडलेलं नाही. ज्या मैत्रिणीने ते गाडीच्या रेडिओवर ऐकलं, तिने सांगितलं म्हणून कळलं.

हो, गाडीच्या रेडिओवर. कारण विद्यार्थ्यांनी नाद सोडला नाही. कमी शक्तीच्या स्टेशनांसाठी अमेरिकेत वेगळा परवाना असतो, तो मिळवून ऑक्टोबर २०१५ मध्ये ते ९६.१ वर परत आले. या परवान्याची कमाल मर्यादा १०० वॉट, अँटेना ३० मीटरवर धरून. ५०,००० वॉटच्या तुलनेत पाचशेपट कमी. पण पल्ला पाचशेपट कमी होत नाही. मोकळ्या अवकाशात लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून पल्ला ५००च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण २२ पटीने कमी होतो. जमिनीवर क्षितिज, इमारती आणि अँटेनाची उंची यांमुळे हिशेब आणखी बदलतो. प्रत्यक्षात अशा स्टेशनचा पल्ला साडेपाच किलोमीटरच्या आसपास धरतात.

हे १०० वॉट आणि ३० मीटर तुम्हाला ओळखीचे वाटले असतील, तर तुम्ही कम्युनिटी रेडिओशी संबंधित आहात! आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओलाही याच मर्यादा आहेत. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन २००४ मध्ये सुरू झालं, आपल्या पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' १०७.४ वर आहे. म्हणजे यंत्रसामग्रीच्या बाबतीत आपण आणि आजचं केटीआरयू एकाच पातळीवर आहोत. तो कप्पा आणि ती चिठ्ठी आपल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलांच्या हाती दिली, तर त्यात काय काय येईल? मला दशावताराच्या पेटीपासून धारावीच्या रॅपपर्यंत बरंच काही दिसतं. तुमच्या कप्प्यात पहिलं काय ठेवाल ते कळवा. पुढच्या लेखात पोल्याच्या मडक्यात दर शंभर गोट्यांमागे एक गोटी डोळे मिटून, मडक्याबाहेरच्या ढिगातून टाकली तर काय होतं ते आकृत्यांसह बघू.