पाहिलं खरं, पण ओळखलं का?

आजचा विषय आहे चेहऱ्याची ओळख. तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखं काय आहे? माणूस दिसला की ओळखू येतो! खरं आहे. आपल्या मुळशीच्या पावसात खाचरात भातलावणी चालू असते. दहा बायका वाकलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर इरलं. तोंड कुणाचंच दिसत नाही, तरी बांधावरून येणारी लांबूनच सांगते, "ती तिसरी माझी जाऊ." चूक होत नाही.

पण समजा, पिरंगुटहून पौडकडे येणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकलवरून दोघं आले आणि एखादीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून गेले. पाच-दहा सेकंदांचा खेळ. आठ दिवसांनी तिला विचारलं, "यातला कोण होता?" तर ती तितक्याच खात्रीने सांगू शकेल का?

इथेच मोठी गफलत होते. ओळखीचा चेहरा ओळखणं आणि अनोळखी चेहरा लक्षात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात आपण सगळ्याच तरबेज असतो, म्हणून वाटतं दुसरंही तितकंच जमेल. ते जमत नाही.

याचा एक सुंदर प्रयोग ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केला. त्यांनी 40 फोटो घेतले. ते होते नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे, प्रत्येकीचे 20. ब्रिटनमधल्या लोकांना हे चेहरे माहीत नव्हते. त्यांना सांगितलं, एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे लावा. माणसं दोनच आहेत हे सांगितलं नव्हतं. बहुतेकांनी सात-आठ ढीग केले! केस बदलले, उजेड बदलला, हसू आलं की त्यांना ती वेगळीच बाई वाटली. पण नेदरलँड्सच्या लोकांनी, ज्यांना त्या दोघी रोज टीव्हीवर दिसत, त्यांनी सहज दोन ढीग केले.

जावेला आपण झोपेतून उठलेली, नटलेली, रडताना, हसताना, हजार वेळा पाहिलेली असते. अनोळखी माणसाचा आपल्याकडे एकच ठसा असतो, तो त्या वेळच्या उजेडातला, त्या कोनातला. दाढी वाढली, टोपी काढली की तो ठसा जुळत नाही. उलट, दुसऱ्याच कुणाची ठेवण तशी असेल तर तोच जुळल्यासारखा वाटतो.

त्यात भीतीची भर. समोरच्याच्या हातात सुरा किंवा कोयता असेल तर नजर त्या हत्यारावर खिळते, चेहरा निसटतो. अंधार असेल, अंतर जास्त असेल, हल्लेखोर एकापेक्षा जास्त असतील, तर आणखी कठीण.

दुसरी गोष्ट आठवणीची. आठवण म्हणजे मोबाइलमध्ये साठवलेला फोटो नव्हे. ती दर वेळी सांगताना थोडी बदलते. शेजारीण म्हणाली, "तो उंच होता ना गं?" की आपल्या आठवणीतला माणूसही उंच होतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी संशयिताचा फोटो टाकला आणि तो आपण चार वेळा पाहिला, की तो चेहरा ओळखीचा वाटू लागतो. तो घटनेच्या वेळी पाहिला होता की फोनवर, हे मन नीट वेगळं ठेवू शकत नाही. आणि ओळख पटवल्यावर कुणी म्हटलं, "बरोबर ओळखलंत बाई," तर आपली खात्री वाढते. ओळख मात्र होती तितकीच खरी किंवा खोटी राहते.

याची किंमत किती असू शकते, ते आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्याने दाखवलं. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका शेतावरच्या झोपडीत रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. पुढे भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना अटक झाली. ओळख पटवण्यावर खटल्याचा मोठा भार होता. 2006 साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

पण कागदपत्रांत एक गोष्ट होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच, पोलिसांनी दाखवलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच नीट झाला नव्हता. फेरविचारानंतर 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

इथे त्या बाईला बोल लावायचा नाही. तिच्यावर काय गुजरलं असेल! पण चुकीचा माणूस आत गेला की दोन घरं उद्ध्वस्त होतात. एक त्याचं, आणि दुसरं आपलं, कारण खरा गुन्हेगार मोकळा फिरत राहतो.

म्हणून ओळख परेडला नियम आहेत. ती पोलिसांनी नव्हे, तर तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी, पंचांसमोर घ्यायची असते. एका संशयितासोबत त्याच्यासारख्या वयाची, बांध्याची किमान सहा माणसं उभी करायची असतात. तपास करणाऱ्या पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. आणि मुख्य पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख. परेड तिला आधार देण्यासाठी असते.

मग आपल्यावर अशी वेळ आली तर काय करायचं?

सगळ्यात आधी 112 ला फोन. पोलीस येईपर्यंत, कुणाशी चर्चा करण्याआधी, आठवतं ते लिहून काढायचं. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्यायचं किंवा फोनवर आवाज भरून ठेवायचा. नुसतं तोंड नको. बांधा, चाल, आवाज, बोलण्याची धाटणी, हातावरचं गोंदण, व्रण, कपडे, गाडीचा रंग आणि नंबरचे आठवतील तेवढे आकडे. जे दिसलं नाही, ते "दिसलं नाही" असंच लिहायचं.

आणखी कुणी पाहिलं असेल तर तिनेही आपलं वेगळं सांगावं. दोघींनी जुळवून एक करू नये. गटावर आलेले फोटो पाहू नयेत, पुढे पाठवू तर मुळीच नयेत.

पोलिसांनी फोटो दाखवले, तर कुणाला ओळखलं आणि कुणाला नाही, दोन्ही जबाबात लिहायला सांगा. साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात यायला लावता येत नाही. ती राहते तिथेच तो घ्यावा, असं कायदा सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 लक्षात ठेवा.

परेडला उभ्या राहाल तेव्हा मनाशी म्हणा, "तो माणूस या रांगेत असेल, नसेलही." रांगेतला त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा माणूस निवडणं ही सर्वांत सोपी चूक आहे. किती खात्री आहे ते त्याच वेळी आपल्या शब्दांत सांगा. आणि "मला ओळखता येत नाही" हेही पूर्ण, प्रामाणिक उत्तर आहे. त्याने तुमची साक्ष खोटी ठरत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक गंमत करून पाहा. कुणाला ओळखीची नसलेली एखादी बाई अर्धा मिनिट आत येऊन काही विचारून जाईल, अशी व्यवस्था करा. मग प्रत्येकीने तिचं वर्णन अध्यक्षांच्या कानात सांगायचं. साडीचा रंग, वय, उंची, कपाळाला टिकली होती की नाही. सगळ्यांची वर्णनं मोठ्याने वाचा, आणि मग तिला परत बोलवा. खूप हसाल. पण त्यानंतर "मी डोळ्यांनी पाहिलंय" असं कुणी म्हटलं, की आपण आधी विचारू, "किती लांबून पाहिलंस? उजेड होता का? आणि त्याला आधी ओळखत होतीस का?"