सांभाळणाऱ्याचा रकाना

भरवायला बसताना वहिनी आधी मुलाच्या पाठीशी दोन उशा आणि एक गुंडाळलेली गोधडी लावतात. मग दोन बोटांनी त्याची हनुवटी किंचित खाली आणतात. मान मागे कलली की घास श्वासनलिकेकडे जातो, ठसका लागतो, आणि असे ठसके वारंवार लागले की छातीत संसर्ग होतो. वरणभात मिक्सरमधून काढलेला असतो. चमचा अर्धाच भरायचा, जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच दाबायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचं. गळ्याशी गिळल्याची हालचाल दिसली की पुढचा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास लागतो, आणि त्यानंतरही अर्धा तास त्याला आडवं करता येत नाही.

वहिनींचा हा मुलगा २६ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अपंगत्व आणि फिट्स. सातारा जिल्ह्यातल्या या घरात मी जाते ती अर्ज भरायला. अशा मुलांच्या पालकांना सरकारी कागदपत्रांत मदत करणं हे माझं काम. पण कागद पुढ्यात घेऊन बसले तरी माझं लक्ष वहिनींच्या हातांकडे जातं.

डायपर बदलताना त्याच्या मांड्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात. जोर लावला की त्या आणखी आवळतात. म्हणून वहिनी आधी त्याचे गुडघे हळूहळू पोटाकडे वाकवतात, तसंच धरून ठेवतात, त्याच्याशी काहीबाही बोलत राहतात. स्नायू सैल पडल्याचं त्यांच्या तळव्यांना कळतं आणि मगच पुढचं काम. कूस त्याला स्वतःहून बदलता येत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा एकाच जागी दाबल्या गेल्या तर कातडी लाल होते, मग फाटते, आणि एकदा जखम झाली की भरून यायला महिने लागतात. त्यामुळे दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी त्याच्या अंगाखाली कायम एक दुमडलेली चादर असते. नुसतं हाताला धरून ओढलं तर कातडी घासली जाते. चादरीसकट वळवलं तर जात नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. फिट्सच्या गोळ्यांची वेळ चुकवायची नाही, ताप आला की फिट येण्याची शक्यता वाढते, तोंडाच्या कडेला एक ठरावीक थरथर दिसली की त्याला लगेच कुशीवर वळवायचं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

हे काम बाहेरून विकत घ्यायचं म्हटलं तर शहरातल्या ब्युरोकडून येणाऱ्या बारा तासांच्या मावशींचे महिन्याला वीस-पंचवीस हजार रुपये होतात. रात्रीचे वेगळे. वहिनींच्या यजमानांची ट्रॅक्टरवरची रोजंदारी आहे. म्हणजे दिवसाची पाळी वहिनींची आणि रात्रीचीही त्यांचीच.

या घरात सरकारचे कोणते पैसे येतात? मुलाच्या नावाने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे. ही योजना १९८० सालापासूनची. २०२३ मध्ये तिची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० करण्यात आली. ही वाढ मोलाची आहे आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या दिव्यांग बांधवांचं ते यश आहे. तरी हिशेब करून पाहावा. २,५०० म्हणजे दिवसाला साधारण ८३ रुपये. मोठ्या माणसाचा डायपर तीस-चाळीस रुपयांच्या घरात. दिवसाला दोन वापरले की अनुदान जवळजवळ संपलं. औषधं, मलम, दवाखान्याला जायचं गाडीभाडं हे सगळं वरचं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० वहिनींच्या खात्यावर येतात, पण ते ठरावीक वयाच्या आणि उत्पन्नाच्या कुठल्याही बाईला मिळतात. मुलाला सांभाळण्याशी त्यांचा संबंध नाही.

आता हे अनुदान मिळतं कसं ते पाहू. सुरुवात होते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून. ऑनलाइन नोंदणी, मग ठरलेल्या वारी रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे हजर राहायचं, आणि मग दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कार्ड निळं येतं. वहिनींच्या मुलाचं निळंच आहे. पण त्यासाठी त्याला भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर आडवं धरून नेलं होतं आणि गर्दीच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून त्याचा डायपर बदलला होता.

आधार कार्ड ही वेगळी कसोटी. ताठरपणामुळे त्याच्या मुठी मिटलेल्या असतात. बोटं उलगडायला गेलं की हात आणखी वळतो आणि मशीनला ठसा मिळत नाही. बुबुळं स्थिर राहत नाहीत म्हणून तिथेही नकार. दुपारी जेवणानंतर तो गुंगीत असतो, तेव्हा मुठी सैल पडतात हे वहिनींना माहीत होतं. केंद्रचालकाने त्यांचं ऐकलं, तीच वेळ दिली आणि काम झालं. त्या मुलाच्या शरीराची जाण यंत्रापेक्षा आईला जास्त होती.

मग बँक. १८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत आई आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तो दाखला आणल्याशिवाय खात्याचे व्यवहार करता येणार नाहीत, असं एका शाखेत सांगण्यात आलं. २६ वर्षं ज्या बाईने त्याचा प्रत्येक घास पारखला, तिला आपण त्याची पालक आहोत हे सिद्ध करायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं.

त्यानंतर रहिवासाचा पुरावा, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगाच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. रोजची हजेरी ४०० रुपये धरली तर १२५ दिवसांच्या कामातच ती गाठली जाते. म्हणजे नियम अक्षरशः पाळायचा तर कर्त्या माणसाने वर्षाचे आठ महिने रिकामं बसायला हवं. तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदारांचा दाखला, तो अर्जाला जोडायचा, अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जाणार, समितीची बैठक होईल तेव्हा मंजुरी. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला आलाच.

तहसील कचेरीच्या निराधार शाखेत एकदा वहिनींनी मला न बोलवता स्वतःच फोन लावला होता. पलीकडून अव्वल कारकून म्हणाले, “ताई, या की उद्या सकाळी, दहा मिनिटांचं काम आहे.” वहिनी म्हणाल्या, “येते भाऊसाहेब, पण घरी कोण थांबणार?”

भाऊसाहेबांचा आवाज मऊ होता, त्यांना मदतच करायची होती. पण त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कुठल्याच परिपत्रकात ते दिलेलं नाही. अर्जातला प्रत्येक टप्पा असं गृहीत धरतो की अर्जदाराच्या घरी एक मोकळं माणूस आहे. वहिनींकडे नेमकं तेच नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी शेजारणीला चार तास बसवायचं, तिला भरवायची रीत समजावून सांगायची, यजमानांचा एक रोज बुडवायचा, आणि तिथे “साहेब मीटिंगला गेलेत” असं ऐकून परतायचं. मदत मिळवण्याची किंमत सांभाळणाऱ्याला त्याच्या जवळच्या सगळ्यात दुर्मीळ गोष्टीत, वेळेत, मोजावी लागते.

त्या अर्जात दिव्यांगत्वाच्या टक्केवारीला रकाना आहे, उत्पन्नाला आहे, खाते क्रमांकाला आहे. या माणसाला कोण सांभाळतं, दिवसाचे किती तास सांभाळतं, रात्री किती वेळा उठतं, याला रकाना नाही. जे विचारलंच जात नाही त्याची तरतूद कुठून होणार?

आपल्या कायद्याला मात्र हा माणूस ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या दुसऱ्या कलमात काळजीवाहकाची व्याख्या दिली आहे. मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांगाची काळजी घेणारी कुणीही व्यक्ती, त्यात आईवडील आणि कुटुंबीयसुद्धा आले. २४ व्या कलमात सरकारने कोणत्या योजना कराव्यात याची यादी आहे, आणि मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता त्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे. ३८ व्या कलमात अशा आधारासाठी अर्ज करण्याची आणि मूल्यमापन मंडळाची वाट आखून दिली आहे. पण २४ व्या कलमाच्या सुरुवातीलाच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट आहे, आणि भत्ता त्या अटीआड राहिला. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. तरी घरच्या सांभाळणाऱ्यासाठी राज्यभर लागू होईल असा वेगळा भत्ता अजून आलेला नाही.

सांभाळण्याला पैसे द्यायचे असतात, ही कल्पना सरकारला परकी नाही. सरकारी सेवेमुळे पूर्ण अपंगत्व येऊन सतत मदतनिसाची गरज पडणाऱ्या निवृत्तांना केंद्र सरकार मदतनीस भत्ता देतं. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला. जुन्या करपद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. पण वजावट ज्याला कर भरण्याइतकं उत्पन्न आहे त्याला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या घरी तिचा काय उपयोग?

केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला त्यात महिना ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम फार लहान आहे आणि हप्ते रखडल्याच्या तक्रारी तिथेही होतात. पण तो पैसा सांभाळणाऱ्याच्या नावाने निघतो, आणि एकदा नाव कागदावर आलं की रक्कम वाढवा म्हणून भांडता येतं.

ब्रिटनमध्ये हे भांडण फार आधी सुरू झालं. मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेने १९५४ मध्ये म्हाताऱ्या आईवडिलांसाठी काम सोडलं. १९६३ मध्ये तिने वर्तमानपत्रांना पत्रं लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची स्थिती मांडली. तिला आलेल्या उत्तरांतून १९६५ मध्ये संघटना उभी राहिली आणि १९७६ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं होतं. त्या तशाही घरीच असतात असा समज. आईला सांभाळणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांनी युरोपीय न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ मध्ये ती अट गेली. आज आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला तो भत्ता मिळतो; २०२५-२६ साठी तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. त्यातही एक काटा आहे. बाहेरची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या किंचितही वर गेली तर त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. त्यामुळे हजारो सांभाळणारे नकळत सरकारचे देणेकरी झाले. आपण भत्ता आणू तेव्हा ही चूक उचलू नये. कमाई वाढेल तसा भत्ता हळूहळू कमी व्हावा, एका रुपयाने सगळा बुडू नये.

‘त्या तशाही घरीच असतात’ हा समज आपल्याकडेही खोल रुतलेला आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. त्या स्त्रियांची दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ७४. वहिनींची मिनिटं या सरासरीत मावणार नाहीत. सासूबाई गेल्यापासून त्या माहेरी मुक्कामाला राहिलेल्या नाहीत. पाठीचा मणका सरकलाय, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, आणि मुलाचं वजन आता त्यांच्याइतकंच आहे.

काय करता येईल ते अवघड नाही. पहिलं, अर्जात सांभाळणाऱ्याचा रकाना हवा: नाव, नातं, तास. दुसरं, निळं कार्ड असलेल्या आणि पूर्णवेळ आधार लागणाऱ्या माणसाच्या काळजीवाहकाला त्याच्या स्वतःच्या खात्यात भत्ता हवा. तो दिव्यांगाच्या अनुदानातून कापलेला नसावा, वेगळा असावा. तिसरं, हयातीच्या दाखल्यासाठी आणि कागदपत्रांसाठी कर्मचाऱ्याने घरी यावं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांच्या घरी मतपत्रिका घेऊन पथकं गेली होती. मतासाठी जे सरकार उंबरठ्यापर्यंत जाऊ शकतं, ते दाखल्यासाठीही जाऊ शकतं. आणि चौथं, महिन्यातून काही दिवस तरी प्रशिक्षित माणूस घरी येऊन बसावा, म्हणजे सांभाळणारीला स्वतःच्या पाठीचा एक्स-रे काढायला जाता येईल. ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. तो सतरंज्या आणि खुर्च्या वाटण्यापेक्षा अशा सोबतीवर खर्च झाला तर घराघरांत त्याचा फरक दिसेल.

आई करते ते मायेने करते, त्याचे पैसे कसले, असं म्हणणारे भेटतात. माया आहेच, आणि ती कुणी विकायला काढलेली नाही. पण रात्री चार वेळा उठणं, कातडी फाटू न देणं, घास फुप्फुसात जाऊ न देणं हे कसबाचं आणि कष्टाचं काम आहे. ते रुग्णालयात झालं तर त्याला पगार असतो, सुट्टी असते, निवृत्तिवेतन असतं. वहिनी ते घरी करतात म्हणून त्यांच्या म्हातारपणाची तजवीज शून्य आहे. मुलाला जे मिळतं ते मुलाचं. वहिनींना जे देणं आहे ते सरकारने त्यांच्या नावाने द्यावं, काळजीवाहक भत्ता कायद्यात लिहून ठेवलेलाच आहे.