शेवटचं रीळ (७) : भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर

गेल्या आठवड्यात आपण ‘रिफीफी’ (१९५५) पाहिला. त्यातला दरोडा जवळजवळ अर्धा तास संवादाविना चालतो. काम फत्ते होतं आणि मग टोळीतला एकेक जण जिवाला मुकतो. तीनच वर्षांनी, १९५८ साली, इटलीच्या मारिओ मोनिचेल्लीने ‘इ सोलिती इन्योती’त अशाच दरोड्याची टर उडवली.

रोममधल्या काही भुरट्यांचा बेत आहे: शेजारच्या रिकाम्या घरातून भिंत फोडायची आणि गहाणपेढीची तिजोरी गाठायची. त्यासाठी ते तिजोरीफोडीच्या जुन्या उस्तादाकडे (नट तोतो) शिकवणीही घेतात. पण ऐन रात्री बोगदा उघडतो तो त्याच घराच्या स्वयंपाकघरात. घरातलं सामान हलवल्यामुळे त्यांनी चुकीची भिंत फोडलेली असते.

इथे दुसऱ्या कुणी धावपळ, आरडाओरडा दाखवला असता. मोनिचेल्लीची माणसं मात्र घरात सापडलेला काबुली चण्यांचा पास्ता खायला बसतात. प्रेक्षकाला एकदम कळतं, की यांची तिजोरी म्हणजे खरं तर जेवणाचं ताट होतं. मग गॅसचा स्फोट होतो आणि काळवंडलेली मंडळी पहाटे आपापल्या वाटेने पांगतात.

उरतात दोघे: व्हित्तोरिओ गासमनचा पेप्पे आणि सदा भुकेला म्हातारा कापानेल्ले. पोलिसांना चुकवायला ते एका फाटकाशी जमलेल्या मजुरांच्या गर्दीत घुसतात. म्हाताऱ्याला बाहेर ढकललं जातं, पेप्पे मात्र लोंढ्यासोबत आत ओढला जातो. ‘अरे, तिथे काम करावं लागतं!’ या अर्थाचं काहीतरी कापानेल्ले कळवळून ओरडतो.

गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झाली पाहिजे, हा सिनेमाचा जुना संकेत. मोनिचेल्ली तो पाळतो, फक्त तुरुंगाच्या जागी मजुरी ठेवतो. त्या काळात इटलीची ‘आर्थिक भरारी’ सुरू होत होती, बांधकामं आणि कारखाने वाढत होते. त्या समृद्धीत पेप्पेला जागा मिळते, तीही त्याची इच्छा कुणी न विचारता. म्हाताऱ्याला तेवढीही मिळत नाही. हे हसू बोचतं ते त्यामुळे.

या बोचणीची तयारी आधीपासून झालेली असते. टोळीतून फुटलेला कोझिमो एका बाईची पर्स हिसकावून पळताना ट्रामखाली मरतो. विनोदी चित्रपटात असा मृत्यू तेव्हा नवलाचा होता. मोनिचेल्लीने आजे, स्कार्पेल्ली आणि सुझो चेक्की दामिको यांच्यासह लिहिलेल्या या पटकथेपासूनच ‘कोमेदिया आल इतालियाना’ ही धारा सुरू झाली, असं अनेक समीक्षक मानतात.

पुढच्या आठवड्यात मोनिचेल्लीचाच ‘आमिची मिएई’ (१९७५). मित्राच्या अंत्ययात्रेतही ज्यांना थट्टा आवरत नाही, अशा दोस्तांची गोष्ट.