गाडीतळ आणि स्थानकाचा वाहनतळ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने जाताना सासवडचा रस्ता जेथे फुटतो, तेथे हडपसरचा ‘गाडीतळ’ आहे. आळंदी व देहू येथून निघालेल्या पालख्यांच्या वाटाही याच गावी वेगळ्या होतात. मराठीत ‘तळ’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : एक बूड, दुसरा छावणी अथवा मुक्काम. पालखीतळ, गाडीतळ, वाहनतळ हे शब्द दुसऱ्या अर्थातून आले. इंग्रजी ‘पार्क’ या शब्दाचा प्रवासही यासारखाच आहे. प्रथम शिकारीसाठी राखलेले कुंपणाचे रान, पुढे लष्करात तोफा व गाडे उभे करण्याची जागा, आणि त्यातून आजचे ‘पार्किंग’. ‘गॅरेज’ हा शब्द मात्र मराठीत मुख्यतः दुरुस्तीच्या जागेस लागतो. म्हणून प्रवाशांच्या बहुमजली इमारतीसही ‘वाहनतळ’ हीच संज्ञा युक्त होय.

या संज्ञेतील मुक्कामाचा अर्थ आराखड्यालाही मार्गदर्शक ठरतो. हडपसर रेल्वे स्थानक गाडीतळाच्या उत्तरेस, मुंढव्याच्या बाजूस, पुणे–दौंड लोहमार्गावर आहे. २०२१ साली हैदराबादची गाडी येथून सुटू लागली. पुणे स्थानकाचा भार हलका करणाऱ्या अशा स्थानकास वाहनतळाचा विचार टाळता येत नाही.

मोटारीच्या उभ्या राहण्यास २.५ × ५ मीटर आणि दुचाकीस १ × २ मीटर जागा धरावी. मोटारींच्या समोरासमोर दोन रांगा व मध्ये ६ मीटरची वाट ठेवल्यास प्रत्येक मोटारीमागे २० चौरस मीटर लागतात. दुचाकींच्या रांगांत २ मीटरची वाट ठेवल्यास प्रत्येकीमागे केवळ ३. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी सहज मावतात. शिवाय १:१० या प्रमाणाच्या चढाने ३ मीटर उंचीचा मजला गाठावयास ३० मीटर लांबीचा उतार लागतो. पुण्यातील दुचाकींचे प्राबल्य पाहता तळमजला त्यांना द्यावा आणि मोटारी वर न्याव्यात, हेच सयुक्तिक ठरते. नेदरलँड्समधील उत्रेख्त स्थानकाने तेथील वाहन ओळखून २०१९ साली १२,५०० सायकलींचा तळ पूर्ण केला.

दुसरा प्रश्न निर्गमनाचा. सकाळी वाहने एकेक येतात. सायंकाळी गाडी फलाटास लागताच ती सर्व एकदम निघतात. समजा, ३०० वाहने आहेत आणि फाटकाशी प्रत्येकास ६ सेकंद लागतात. एका फाटकातून अर्धा तास जाईल, तीन फाटकांतून दहा मिनिटे. यास्तव शुल्क प्रवेशाच्या वेळी अथवा मासिक पासाने घ्यावे, आणि बाहेर पडणारी रांग मावेल एवढी जागा आवारातच राखावी.

राहता राहिला तो प्रवासी, ज्याच्याकडे वाहनच नाही. बसचा थांबा व पायवाट फलाटाला सर्वांत जवळ असावी. त्यानंतर दुचाकी, आणि शेवटी मोटार. हा क्रम उलटला, तर सर्वांत कमी जागा व्यापणाऱ्यासच सर्वांत दूर चालावे लागेल.