तरतुदीपासून टाकीपर्यंत

दादर-परळच्या सीमेवरचा हिंदमाता परिसर बशीच्या तळासारखा सखल असल्याने भोवतालचे पावसाचे पाणी तेथे उतरते आणि पर्जन्यजलवाहिन्यांतून, म्हणजे केवळ पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या भूमिगत वाहिन्यांतून, पूर्वेला रे रोडकडील ब्रिटानिया नाल्यामार्गे समुद्राला मिळते. मात्र भरतीच्या वेळी समुद्र या वाहिन्यांच्या मुखांपेक्षा वर चढला की पाण्याची वाट अडते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग पाण्याखाली जातो. हा प्रश्न जेवढा अभियांत्रिकीचा, तेवढाच महापालिकेच्या निर्णयप्रक्रियेचाही आहे.

शहरातील जुन्या वाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या होत्या; ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये सादर झाला, परंतु त्याला खरी गती मिळाली ती २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतरच. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर आणि ब्रिटानिया येथे उदंचन केंद्रे, म्हणजे भरतीतही पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपगृहे, उभी राहिली.

अशा कामांचा पैसा १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आखलेल्या वाटेने येतो. आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्याची छाननी करते आणि अंतिम मंजुरी २२७ निर्वाचित सदस्यांचे सभागृह देते. नालेसफाई किंवा पावसाळ्यापुरते भाड्याने घेतलेले पंप हा दरवर्षीचा महसुली खर्च असतो, तर कायम टिकणारी वाहिनी किंवा टाकी हा भांडवली खर्च ठरतो. २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात भांडवली कामांचा वाटा ४३,१६२ कोटींचा होता. १ जुलै २०१७ पासून जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात राज्य शासनाकडून मिळणारी भरपाई, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे विकास शुल्क हे उत्पन्नाचे मोठे आधार आहेत. यातील विसंगती अशी की, जमीन झाकून पाणी मुरण्याची जागा कमी करणारे बांधकामच पाण्याचा निचरा करण्यासाठी लागणाऱ्या तिजोरीत भर घालते, आणि गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिलेल्या परळ-लालबागला ही विसंगती विशेष लागू पडते.

तरतूद म्हणजे खर्चाची मुभा; काम नव्हे. आराखडा, निविदा, ठरावीक रकमेवरील कंत्राटाला स्थायी समितीची पूर्वमंजुरी आणि शेवटी कंत्राटदाराला कार्यादेश अशा पायऱ्या चढल्यावरच कुदळ पडते, आणि वाहिनी रेल्वेच्या रुळांखालून न्यायची असेल तर रेल्वेची परवानगीही लागते. हिंदमाताच्या बाबतीत २०२१ मध्ये दादर पश्चिमेचे प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली साठवण टाक्यांचे काम हाती घेण्यात आले. रस्त्यावरचे पाणी पंपांनी तेथे न्यायचे, समुद्राला ओहोटी लागेपर्यंत धरून ठेवायचे आणि मग वाहिन्यांत सोडायचे, अशी ही रचना आहे. वर मैदान आणि खाली टाकी असल्याने दाट वस्तीत स्वतंत्र जागा शोधावी लागली नाही. शिवाय हिंदमाता व परळ उड्डाणपुलांमधला रस्ता उंच करून वाहनांची वाट मोकळी ठेवण्यात आली. मात्र टाकी समुद्राची जागा घेत नाही, ती फक्त भरतीपुरती सवड देते. तिच्या क्षमतेपलीकडचा पाऊस झाला तर पाणी पुन्हा रस्त्यावरच येणार.

७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता आणि आयुक्तच प्रशासक असल्याने प्रस्ताव मांडणारा व मंजूर करणारा हात एकच झाला. निर्णय त्यामुळे झटपट होऊ शकतात, परंतु ‘माझ्या प्रभागात गेल्या वर्षीचे काम का रखडले’ हा प्रश्न सभागृहात विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणारा कोणी उरत नाही.

हा प्रश्न नागरिकालाही विचारता येतो. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात नव्या तरतुदीशेजारी चालू वर्षाचा ‘सुधारित अंदाज’ छापलेला असतो, म्हणजे मंजूर रकमेपैकी प्रत्यक्षात किती खर्च होईल याचा वर्ष सरताना बांधलेला हिशेब. एखाद्या कामाची तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज दरवर्षी लहान दिसत असेल, तर तेथले पाणी कागदावरच ओसरले आहे, असे समजावे.