जुन्या मोटारसायकलीवरील विजेची ठिगळे

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेल्या जावा मोटारसायकली आणि १९७३ पासून त्याच कारखान्याने ‘येझदी’ या नावाने काढलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणी अद्यापि बेळगावकडील कित्येक घरांच्या पडवीत उभ्या आहेत. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. सुटे भाग मिळणे कठीण होत गेले, आणि मिळेना त्या भागाच्या जागी हाती लागेल ते बसविण्याची रीत रूढ झाली. आता नातवंडे आजोबांची गाडी पुसून पुन्हा रस्त्यावर काढू पाहतात. चोर्ला घाटाच्या वळणावर, मागे कुटुंब बसलेले असताना दिवा अकस्मात विझला म्हणजे काय प्रसंग ओढवतो हे निराळे सांगावयास नको. म्हणून ही विजेची ठिगळे कशी ओळखावीत, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

सर्वांत अधिक आढळणारे ठिगळ म्हणजे घरगुती तार. ‘जी तार २३० व्होल्ट सोसते तिला ६ व्होल्टचे काय ओझे?’ असा युक्तिवाद आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो सपशेल चुकीचा आहे. तारेवरील वेष्टण व्होल्ट सोसते. अँपियर वाहून नेते ते आतील तांबे. घरातील ४० वॅटचा दिवा अँपियरचा पाचवा हिस्साही घेत नाही. परंतु जुन्या जावाच्या ६ व्होल्टच्या व्यवस्थेत ३६ वॅटचा दिवा लावला तर त्याला ६ अँपियर लागतात. बारीक तांब्यातून एवढा प्रवाह गेला की तार तापते आणि दिवा मिणमिणतो. वाटेत अर्धा व्होल्ट जरी गळला तरी ६ व्होल्टांतील तो बारावा हिस्सा होय. शिवाय घरातील तार पुष्कळदा एकपदरी असते. इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते, वरचे वेष्टण मात्र शाबूत दिसते. गाडीला अनेक बारीक पदरांची तारच हवी.

सांधेही पाहावेत. दोन टोके पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली की तेथे संशय घ्यावा. दिवा दहा मिनिटे पेटता ठेवून मग सांध्याला बोट लावावे. गरम लागला तर दुखणे तेथेच आहे. डाख दिलेला किंवा नीट चापून बसविलेला आणि नळीने झाकलेला सांधा असा तापत नाही.

त्यानंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. दिवा लुकलुकला तर तार ताणली जात आहे, किंवा अर्थिंग नीट नाही. या गाडीत परतीचा प्रवाह लोखंडी सांगाड्यातून जातो. हौसेने नवा रंग दिलेल्या गाडीत अर्थिंगच्या जागेवरही रंग बसतो, आणि मग एखादा मिस्त्री रंग खरवडण्याऐवजी भलतीकडूनच नवी तार ओढतो. गाडी चकाकते, दिवा मात्र रुसतो.

कंडेन्सरचे ठिगळ अधिक फसवे. पॉइंटांशेजारचा मूळ कंडेन्सर मायक्रोफॅरडच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतो. छताच्या पंख्याचा सुमारे २.५, म्हणजे दसपट. तो जोडूनही इंजिन कदाचित सुरू होईल, परंतु ठिणगी अशक्त राहते आणि पॉइंटांच्या तोंडावर लवकरच खड्डे पडतात. पॉइंट वारंवार बदलावे लागत असतील तर कंडेन्सरवर छापलेला आकडा वाचावा.

परंतु ज्याला आम्ही क्षमा करू शकत नाही ते ठिगळ फ्यूजच्या जागी असते. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत तेथे सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद होता, दुसरीत चक्क खिळा. फ्यूज वारंवार जातो तो कोठेतरी तार घासून उघडी पडल्यामुळे; जाड तुकडा घातला की तक्रार थांबते, दोष तसाच राहतो. बॅटरी ६ व्होल्टची असली तरी तारा लाल होतील एवढा प्रवाह ती देऊ शकते, आणि त्याच तारांचा जुडगा पेट्रोलच्या टाकीखालून जातो.

सगळीच ठिगळे वाईट असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जुन्या यांत्रिक रेग्युलेटरऐवजी त्या डायनॅमोला जुळणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कोणी बसविला असेल तर तो काढण्याचे कारण नाही, मूळ रूपाचे अभिमानी काहीही म्हणोत. अट इतकीच, की तो घट्ट बसविलेला असावा आणि कोणती तार कोठे जाते हे कागदावर काढून हत्यारांच्या पेटीत ठेवलेले असावे.

तपासणी करताना प्रथम बॅटरी सोडवावी, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अँपियरचा फ्यूज घातल्याखेरीज ती पुन्हा जोडू नये. नवा तारसंच बसवावयाचा ठरला तरी जुना लगेच कापून फेकू नये; एकेक टोकाला चिठ्ठी बांधून तो सबंध उतरवावा. कोणती तार कोठे जात होती हे पुष्कळदा त्यावरूनच कळते.