नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय : प्रदेशाचे ज्ञान आणि परीक्षेची चौकट

नागपुरातील पहिले महाविद्यालय म्हणून हिस्लॉप महाविद्यालयाची नोंद 1883 या सालाखाली होते आणि त्याचा अधिकृत इतिहास बहुधा तेथूनच सुरू होतो. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले, ते स्टीफन हिस्लॉप त्यापूर्वी वीस वर्षे निवर्तले होते. आणि या संस्थेचा खरा वारसा त्यांनी नागपूरच्या परिसराकडे ज्या दृष्टीने पाहिले त्या दृष्टीत शोधावा लागतो. शिक्षणसंस्थेने आपल्या प्रदेशात केवळ बाहेरचे ज्ञान आणून वाटायचे, की त्या प्रदेशालाच अभ्यासाचा विषय मानायचे, हा प्रश्न त्यांच्या कार्याने उभा केला आणि तो अद्याप सुटलेला नाही.

हिस्लॉप ज्या परंपरेत वाढले ती स्कॉटलंडची प्रेस्बिटेरियन परंपरा होती. या पंथात बिशपची श्रेणीबद्ध सत्ता नसते. धर्मोपदेशक आणि मंडळीने निवडलेले वडीलधारे सभासद यांच्या सभांतून चर्चचा कारभार चालतो. सामान्य सभासदाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा आणि निर्णयात वाटा घ्यावा अशी अपेक्षा असल्यामुळे साक्षरता हा तेथे धर्माचाच भाग ठरला, आणि प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी असा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने 1696 मध्ये केला. पुढे पाद्र्यांच्या नेमणुकीत जमीनदारांचा अधिकार किती असावा या वादातून 1843 मध्ये चर्च दुभंगले, सुमारे साडेचारशे धर्मोपदेशक वेतन व निवासस्थाने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. कोलकात्यात अलेक्झांडर डफ, मुंबईत जॉन विल्सन आणि मद्रासमध्ये जॉन अँडरसन यांनी उभारलेल्या शाळा याच परंपरेतल्या होत्या, आणि त्यांतूनच पुढे त्या त्या प्रांतातील नामांकित महाविद्यालये वाढली.

डन्स या गावी 1817 मध्ये जन्मलेले हिस्लॉप फ्री चर्चचे मिशनरी म्हणून 1845 च्या आरंभी नागपुरात आले, तेव्हा येथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते आणि ब्रिटिश रेसिडेंट दरबारावर लक्ष ठेवून होता. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि 1846 मध्ये शाळा सुरू केली. राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, आणि दरबारी शहराच्या प्रशासकीय शहरात झालेल्या या रूपांतराबरोबर इंग्रजी शिक्षणाची मागणीही वाढत गेली.

अध्यापन आणि धर्मप्रचार यांतून उरलेल्या वेळात हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी जे केले, ते मात्र कोणत्याही मिशनच्या कार्यक्रमात बसणारे नव्हते. नागपूरच्या सीमेवरील टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या पट्ट्यात त्यांना गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, मिळाले. लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर पुढचा लोट येईपर्यंत येथे तळी साचली होती आणि त्यांत जीवसृष्टी नांदत होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. या घटनांचा काळ आज सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात 1855 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांनी गोळा केलेल्या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये केले आणि टाकळीच्या एका हिरवट खनिजाला ‘हिस्लॉपाइट’ असे नाव मिळाले. ज्या शहराचा उल्लेख तोवर दरबार, कर आणि सैन्य यांच्या संदर्भात होत असे, त्या शहराच्या जमिनीला पृथ्वीच्या इतिहासात जागा मिळाली.

हीच जिज्ञासा माणसांकडेही वळली. गोंड समाजाच्या भाषा, चालीरीती आणि देवता यांची टिपणे हिस्लॉप यांनी जमवली, आणि गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची मौखिक गाथा मूळ गोंडीत लिहून घेतली. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळे, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ मोठ्या दगडांनी आखलेली प्राचीन वर्तुळे, पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी ते पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादून 1866 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यामुळेच लिंगोची गाथा छापील रूपात टिकली.

या कार्याचा गौरव करताना त्याच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. हिस्लॉप धर्मांतराच्या उद्देशाने आले होते, हा उद्देश त्यांनी कधी लपवला नाही, आणि राजसत्तेच्या छायेत वावरणाऱ्या मिशनरीने आदिवासी समाजाविषयी लिहिलेल्या मजकुरात त्या काळाचे पूर्वग्रह उतरणे अपरिहार्य होते. तरीही स्थानिक भाषा शिकणे, प्रत्यक्ष फिरणे, माहितगारांकडून ऐकणे आणि ऐकलेले मूळ शब्दांत जपणे ही त्यांची शिस्त आजच्या संशोधकालाही अनुकरणीय आहे.

हीच शिस्त त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झालेल्या महाविद्यालयाच्या दैनंदिन अध्यापनाचा भाग बनणे कठीण होते आणि त्याचे मुख्य कारण संलग्नतेच्या व्यवस्थेत आहे. संलग्नता म्हणजे शिकवणारी संस्था एक आणि अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घेणारे विद्यापीठ दुसरे अशी विभागणी होय. नागपूरचे हे महाविद्यालय प्रथम कोलकाता विद्यापीठाला, 1904 च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबादला आणि 1923 पासून नव्याने स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला जोडले गेले. पहिली चार दशके दूरच्या शहरांत काढलेल्या प्रश्नपत्रिकांनी काय शिकवायचे ते ठरवले, आणि त्या प्रश्नपत्रिकांत टाकळीचे शंख किंवा लिंगोची गाथा येण्याची शक्यता नव्हती. शिक्षक कितीही व्यासंगी असला तरी विद्यार्थ्याची नोकरी निकालावर अवलंबून होती आणि 1854 च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर रुजलेली सरकारी अनुदानाची पद्धतही याच चौकटीला बळ देत होती.

ही अडचण मिशनच्या धुरिणांनीही ओळखली होती. ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1931 मध्ये भारतातील ख्रिस्ती महाविद्यालयांविषयी अहवाल देताना त्यांनी परीक्षेपुरते न उरता संशोधन आणि विस्तारकार्य, म्हणजे आसपासच्या समाजाचा अभ्यास व त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध, यांची जबाबदारी घ्यावी असे सुचवले. पुढे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक डेव्हिड मोझेस यांनी हिस्लॉप महाविद्यालयाचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले आणि संस्थेचे नेतृत्व भारतीयांकडे आले. 1970 मध्ये प्रेस्बिटेरियन परंपरेसह अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना नागपुरातच झाली. सूत्रे बदलली तरी परीक्षेची चौकट मात्र टिकून राहिली.

आज या चौकटीवर नवे ताण आहेत. राज्यघटनेचे 30 वे कलम अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा अधिकार देते, परंतु वेतनासाठी शासनावर अवलंबून असलेल्या अनुदानित महाविद्यालयांना महाराष्ट्रभर रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासांच्या हिशोबाने मानधन घेणाऱ्या, अध्यापकांवर दिवस काढावे लागतात. ज्याची पुढच्या वर्षाची नेमणूक निश्चित नाही त्या अध्यापकाने गोंडी शिकावी किंवा दहा पावसाळे एका नाल्याचा थर पाहावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे शहर वाढत गेले, टाकळी त्यात सामावली आणि अभ्यासाची स्थळेच बांधकामाखाली जात आहेत. विदर्भातील अनेक शिलावर्तुळांचे दगड शेतीसाठी हलवले गेले आहेत.

तरीही हे काम अशक्य नाही, याचा पुरावा प्रदेशानेच दिला आहे. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी 1968-69 मध्ये टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले आणि हिस्लॉप यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलेला प्रश्न शतकानंतर शास्त्रशुद्ध पद्धतीने पुढे नेला. त्यासाठी विद्यापीठाने एका अध्यापकाला वेळ, निधी आणि स्वातंत्र्य दिले होते. स्वायत्तता आणि स्थानिक ज्ञान यांचा उच्चार 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वारंवार होतो. त्याला अर्थ यायचा असेल तर कायम अध्यापक, क्षेत्रकार्याला श्रेयांक आणि गोंडी-मराठी साधनांचा संग्रह या तीन गोष्टी आधी पुरवाव्या लागतील. त्या पुरवल्या नाहीत, तर हिस्लॉप हे नाव फाटकावर राहील आणि त्या नावामागचे काम मात्र नागपूरबाहेरचेच लोक करत राहतील.